नाळेतील रक्त आणि मोठ्या माणसाचे प्रत्यारोपण : प्रतिकारशक्ती सांभाळायची कशी?

बाळाचा जन्म झाल्यावर नाळेत आणि वारेत जे रक्त उरते ते पूर्वी वारेबरोबर टाकून दिले जात असे. त्या रक्तात रक्तनिर्मिती करणाऱ्या मूळपेशी असतात हे कळल्यावर चित्र बदलले. ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया झालेल्या पाच वर्षांच्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले आणि तो मुलगा बरा झाला. त्यानंतर न्यूयॉर्क ब्लड सेंटरने सार्वजनिक नाळरक्त बँक काढली आणि पुढे खाजगी बँकांचे पेव फुटले. कतारलाही हा विषय नवा नाही. व्हर्जिन उद्योगसमूहाची नाळरक्त बँक २००७ मध्ये लंडनला सुरू झाली आणि २००९ मध्ये तिने आपले बस्तान एज्युकेशन सिटीतील कतार सायन्स अँड टेक्नॉलॉजी पार्कमध्ये हलवले. रक्ताचा थोडा भाग त्या बाळासाठी राखायचा आणि मोठा भाग कोणत्याही गरजू रुग्णाला खुला ठेवायचा, अशी तिची मूळ योजना होती.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी पहिल्या बाळंतपणाला पुण्या-मुंबईस जाऊन ही 'पिशवी' साठवलेली आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या अल दुहैलमधल्या एका परिचितांना रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. वय चाळिशीच्या आत, वजन ७२ किलो. घरातल्यांचा पहिला प्रश्न होता, "मुलीच्या जन्माच्या वेळी साठवलेले रक्त बाबांना चालेल ना?" हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर शोधताना जी माहिती हाती लागली ती सर्वांच्या उपयोगाची वाटली म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तेव्हा औषधांचे निर्णय ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी घ्यायचे. ते काय करत आहेत आणि का, हे घरच्या माणसांना समजावे एवढाच येथे हेतू आहे.

पहिली अडचण साध्या गुणाकाराची आहे. प्रौढ रुग्णाला नाळेतील रक्ताची एकच पिशवी द्यायची असेल तर वजनाच्या दर किलोमागे साठवतेवेळी किमान अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी असाव्यात असा सर्वसाधारण दंडक आहे. १८ किलोच्या मुलाला ४५ कोटी पेशी पुरतात. ७२ किलोच्या माणसाला १८० कोटी लागतात. आमच्या परिचितांच्या पिशवीच्या दाखल्यावर आकडा होता ६४ कोटी. शिवाय मुलीला अर्धा जनुकीय वारसा आईकडून आलेला, त्यामुळे बाप-लेकीचे एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखचिन्हांचे गट, साधारणपणे निम्मेच जुळतात. पिशवी निवडताना तपासल्या जाणाऱ्या सहा खुणांपैकी निदान चार जुळाव्यात अशी अपेक्षा असते. थोडक्यात, घरची पिशवी दोन्ही कसोट्यांना उतरली नाही.

तरीही प्रौढांमध्ये परक्या बाळाच्या नाळेतील रक्ताने प्रत्यारोपणे होतात. जपानमध्ये तर ती मोठ्या प्रमाणावर होतात. एक पिशवी पुरत नसेल तर दोन वेगवेगळ्या बाळांच्या पिशव्या देण्याची पद्धत अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात रूढ झाली. गंमत अशी की दोन्ही दिल्या तरी शेवटी बहुधा एकीचेच रक्त टिकते. मात्र दोन म्हणजे दुप्पट फायदा असे नाही. मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, एक पुरेशी मोठी पिशवी मिळत असताना दुसरी दिल्याने आयुर्मान वाढले नाही, उलट प्रतिकारशक्तीच्या तक्रारी वाढल्या.

भाडेकरू आणि घरमालक

आता मुख्य विषयाकडे वळू. प्रत्यारोपणापूर्वी भारी केमोथेरपीने, कधी किरणोपचाराने, रुग्णाची अस्थिमज्जा रिकामी केली जाते. मग दात्याच्या पेशी शिरेतून सोडल्या जातात आणि त्या मज्जेत जाऊन घर करतात. त्या दिवसाला 'शून्य दिवस' म्हणतात आणि पुढची सारी मोजणी तेथून होते. येथे दोन प्रकारचे भांडण संभवते. एक, घरमालकाने नव्या भाडेकरूला थारा न देणे, म्हणजे पेशी न रुजणे. दुसरे, भाडेकरूने आत येऊन घरमालकालाच बाहेर काढू पाहणे. या दुसऱ्या प्रकाराला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज, म्हणजेच जीव्हीएचडी म्हणतात. दात्याच्या टी-पेशी रुग्णाची त्वचा, आतडी आणि यकृत यांना परके समजून त्यांच्यावर हल्ला करतात.

नाळेतील रक्ताचा विशेष असा की त्यातील टी-पेशी अननुभवी असतात. त्यांनी अजून एकही जंतू पाहिलेला नसतो. म्हणूनच सहापैकी चारच खुणा जुळल्या तरी चालते. प्रौढ दात्याच्या बाबतीत इतकी तफावत घेऊन, विशेष उपाय न योजता, कोणी प्रत्यारोपण करणार नाही. दीर्घ मुदतीचा, वर्षानुवर्षे छळणारा जीव्हीएचडीदेखील नाळरक्तानंतर तुलनेने कमी आढळतो. पण याच नवखेपणाची दुसरी बाजू म्हणजे संसर्ग. प्रौढ दात्याच्या पेशींबरोबर जुन्या आजारांची थोडीफार 'आठवण' येते, नाळेच्या पेशींबरोबर काहीच येत नाही. त्यातून पेशी मोजक्या असल्याने त्या रुजायलाही तीन-चार आठवडे लागतात, तर प्रौढ दात्याच्या रक्तातून घेतलेल्या मूळपेशींना सुमारे दोन. तेव्हा डॉक्टरांना तारेवरची कसरत करावी लागते. प्रतिकारशक्ती कमी दाबली तर जीव्हीएचडी, जास्त दाबली तर विषाणू आणि बुरशी. "जितके जास्त औषध तितकी जास्त सुरक्षितता" हा हिशेब येथे चालत नाही, आणि माझ्या मते रुग्णाच्या घरच्यांनी पहिल्यांदा समजून घ्यायची गोष्ट हीच आहे.

प्रतिबंधाची सुरुवात औषधांच्याही आधी, पिशवीच्या निवडीपासून होते. पेशींची संख्या आणि एचएलएची जुळणी या दोन्हींचा मेळ घालावा लागतो. त्याबरोबर रुग्णाच्या रक्तात त्या पिशवीच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे आधीच आहेत का, हे तपासतात. अशी प्रतिपिंडे पूर्वी घेतलेल्या रक्तामुळे किंवा गरोदरपणामुळे तयार होतात. त्यामुळे ज्या भगिनींची एक-दोन बाळंतपणे झाली आहेत त्यांच्या बाबतीत ही तपासणी फार महत्त्वाची. प्रतिपिंडे असताना तीच पिशवी दिली तर पेशी न रुजण्याचा धोका वाढतो. "ही तपासणी झाली आहे का?" असे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही.

औषधांची जोडी

नाळरक्त प्रत्यारोपणात सामान्यतः सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस यांपैकी एक आणि त्याच्या जोडीला मायकोफेनोलेट अशी योजना असते. शून्य दिवसाच्या दोन-तीन दिवस आधीच ती सुरू होते. जपानमध्ये जोडीला मेथोट्रेक्सेटही वापरतात. दुसरे औषध आधी थांबते, पहिले काही महिने चालते आणि मग हळूहळू उतरवतात. एटीजी नावाचे टी-पेशी नष्ट करणारे औषध पूर्वी सर्रास दिले जाई. त्याने जीव्हीएचडी कमी होतो हे खरे, पण नाळेच्या आधीच थोड्या असलेल्या टी-पेशी त्यात गारद होतात आणि विषाणूंना रान मोकळे मिळते. म्हणून पुष्कळ केंद्रे प्रौढांच्या नाळरक्त प्रत्यारोपणात ते आता टाळतात.

सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस यांची रक्तातील पातळी ठराविक मर्यादेत ठेवावी लागते. पातळी घसरली तर जीव्हीएचडी डोके वर काढतो, चढली तर मूत्रपिंडाला इजा, हात थरथरणे, रक्तदाब वाढणे. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची असते, आधी नाही. आधी घेतली तर आकडा फसवा येतो आणि त्यावरून मात्रा चुकीची बदलली जाते. बुरशीविरोधी गोळ्या, काही प्रतिजैविके, ग्रेपफ्रूट आणि आपले पपनस यांनी पातळी वाढते. कोणतेही नवे औषध, मग ते दाताच्या डॉक्टरांनी का दिले असेना, प्रत्यारोपण केंद्राला विचारल्याशिवाय सुरू करू नये.

पेशी रुजण्याच्या थोडे आधी, दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, काही रुग्णांना ताप येतो, अंगावर पुरळ उठते, वजन एकदम वाढते. संसर्ग सापडत नाही. नव्या पेशी जागृत होत असल्याची ही प्रतिक्रिया नाळरक्तात विशेष दिसते आणि गरज पडल्यास थोड्या दिवसांच्या स्टेरॉइडने आटोक्यात येते. रोजचे वजन लिहून ठेवण्याचा आग्रह परिचारिका करतात त्यामागे हे एक कारण आहे.

विषाणूंपैकी सायटोमेगॅलो हा मुख्य शत्रू. आपल्याकडील बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो लहानपणापासून निद्रिस्त असतो. त्याला प्रतिबंध करणारे लेटरमोव्हिर हे औषध २०१७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि नाळरक्ताच्या रुग्णांना त्याचा मोठा आधार झाला. दुसरा विषाणू एचएचव्ही-६. तो नाळरक्तानंतर अधिक आढळतो आणि क्वचित मेंदूवर परिणाम करतो. साधारण तिसऱ्या आठवड्यात रुग्ण एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागला, सकाळी कोण भेटून गेले ते विसरू लागला, तर "थकवा आहे" असे म्हणून सोडून देऊ नये, त्याच तासाला सांगावे. हे लक्षण डॉक्टरांच्या आधी जवळ बसलेल्या माणसाला कळते.

रक्त किंवा प्लेटलेट द्यायची वेळ आली तर त्या किरणोत्सर्गाने संस्कारित केलेल्या असाव्या लागतात, नाहीतर रक्तदात्याच्या टी-पेशींचाच जीव्हीएचडी होऊ शकतो. गावाकडील लहान रुग्णालयात तातडीने दाखल व्हावे लागले तर हे आवर्जून सांगावे.

घरी आल्यावर

पहिल्या शंभर दिवसांत त्वचा, आतडी आणि यकृत यांकडे लक्ष ठेवायचे. दोहात राहणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते, कारण प्रत्येक लक्षणाला एक सोयीचे कारण तयार असते. तळहात-तळपायांवर लाली आली की "घामोळे", जुलाब झाले की "कालचे जेवण बाधले". पुढे डोळे कोरडे पडले तर "एसीमुळे", दम लागला तर "धुळीचे वादळ होते". प्रत्यारोपण झालेल्याच्या बाबतीत ही चारही कारणे डॉक्टरांनी जीव्हीएचडी नाही असे सांगितल्यावरच मानावीत. जुलाब किती वेळा झाले याबरोबर किती मिलिलिटर झाले हेही मोजायला सांगतात, कारण आतड्याच्या जीव्हीएचडीची तीव्रता त्यावरून ठरते. ऊन हेदेखील त्वचेचा जीव्हीएचडी भडकवू शकते. कतारच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी आणि उन्हापासून रक्षण करणारे मलम, आणि फिरणे सूर्यास्तानंतर.

आता थोडे नाजूक विषयाबद्दल. घरात आजारी माणूस असला की आई, मावशी, आत्या प्रेमाने काढे पाठवतात आणि हल्ली त्यांत 'इम्युनिटी वाढवणारा' हा शब्द असतोच. प्रत्यारोपणानंतर मात्र डॉक्टर महिनोन्महिने जी प्रतिकारशक्ती जाणूनबुजून दाबून ठेवत आहेत तिलाच चेतवणे म्हणजे आगीशी खेळ. गुळवेलीचेच उदाहरण घ्या. मुंबईतील यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराळ आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्या इजेत शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही, आणि निरोगी माणसाने गुळवेल घ्यावी की नाही हा वाद येथे सोडवायचा नाही. पण ज्याचे यकृत जीव्हीएचडीच्या छायेत आहे त्याने ती घेऊ नये यात वादाला जागा नाही. आजींना वाईट वाटणार नाही अशा बेताने हे सांगण्याचे काम घरातल्या एकाने अंगावर घ्यावे.

लहानपणीच्या लसींचा प्रभाव प्रत्यारोपणानंतर धरता येत नाही. त्या पुन्हा नव्याने, साधारण सहा महिने ते वर्षानंतर, सुरू करतात. गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत लसी दोन वर्षांपूर्वी देत नाहीत आणि तेव्हाही जीव्हीएचडी नसेल व दाबणारी औषधे बंद असतील तरच. घरातील इतरांनी मात्र दरवर्षी फ्लूची सुई टोचून घ्यावी.

दुसरे मार्ग कोणते?

डॉक्टर आधी सख्खी भावंडे तपासतात. प्रत्येक भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. तीन भावंडे असतील तर ती सुमारे ५८ टक्के होते, एकच असेल तर २५. आपल्या पिढीत घरोघर दोनच मुले, त्यामुळे ही वाट बऱ्याच जणांना बंद असते. मग परका दाता. अमेरिकेच्या दातानोंदीवरून २०१४ मध्ये काढलेल्या अंदाजात युरोपीय वंशाच्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के होती, सर्वांत मागे राहिलेल्या गटात १६ टक्के. मात्र एक किंवा दोन खुणांची तफावत असलेली नाळरक्ताची पिशवी वीस वर्षांवरील ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांना मिळू शकत होती. नाळरक्ताचे महत्त्व येथे आहे, आणि ते सार्वजनिक बँकेतील पिशव्यांचे आहे.

गेल्या काही वर्षांत तिसरा मार्ग पुढे आला, तो म्हणजे निम्मे जुळणारा दाता. आई, वडील, प्रौढ मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण यांच्यापैकी कोणीतरी जवळजवळ प्रत्येकाला असतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे विकसित झालेल्या पद्धतीत प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देतात. नेमक्या त्या दिवसांत हल्ल्यासाठी सरसावलेल्या टी-पेशी त्यात मरतात आणि मूळपेशी वाचतात. ३६८ प्रौढांवर झालेली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली तुलना पाहा. दोन पिशव्यांचे नाळरक्त घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी ४६ टक्के हयात होते, निम्म्या जुळणीच्या मज्जेचे ५७ टक्के. आजार न उलटता जगलेल्यांचे प्रमाण ३५ आणि ४१ टक्के होते. हा फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठोस ठरला नाही. आमच्या परिचितांना साताऱ्याच्या धाकट्या भावाची निम्मी जुळणी उपयोगी पडली. साठवलेल्या पिशवीला कोणी हात लावला नाही.

नाळरक्ताची बाजूही थांबलेली नाही. पेशी प्रयोगशाळेत वाढवून दिलेले ओमिडुबिसेल हे उत्पादन एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. चाचणीत श्वेतपेशी परतायला नेहमीच्या नाळरक्ताला २२ दिवस लागले, याला १२. जाहीर किंमत ३,३८,००० डॉलर. आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची, पण दिशा कळते.

पैशाची बाजू

खाजगी बँकेत पैसे गुंतवावेत का? भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट म्हटले की 'जैविक विमा' म्हणून खाजगी साठवण करण्याची शिफारस करता येत नाही. स्वतःचेच रक्त स्वतःला लागण्याची शक्यता २,५०० त एक ते दोन लाखांत एक इतकी अल्प धरली जाते. ल्युकेमियात तर ते सहसा वापरतच नाहीत, कारण रोगाचे बीज त्या पेशींतही असू शकते. अपवाद एक. घरातल्या मोठ्या भावंडाला थॅलसेमियासारखा, प्रत्यारोपणाने बरा होणारा आजार असेल तर येणाऱ्या बाळाचे नाळरक्त जरूर राखावे. साठवणुकीचा दर्जाही गृहीत धरू नये. २०२३ मध्ये सिंगापूरच्या एका खाजगी बँकेत टाकीचे तापमान बिघडून सुमारे २,२०० पिशव्या निकामी झाल्याचे तेथील आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले. ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत त्यांनी निदान दाखला काढून पेशींची संख्या पाहावी.

त्यापेक्षा प्रत्यारोपणाच्या वर्षाची तरतूद अधिक महत्त्वाची. मुख्य बिलाच्या मागून पातळीच्या तपासण्या, विषाणूंच्या चाचण्या, पुन्हा दाखल होणे आणि रुग्णालयाजवळ भाड्याची जागा असा खर्च येत राहतो. भारतातील विमा घेताना दात्याचा खर्च आणि एचएलए तपासणी त्यात आहे का हे लेखी विचारा. २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते, म्हणून परतण्याचा बेत असलेल्यांनी पॉलिसी आधीच सुरू केलेली बरी. आणि येथल्या निवास परवान्याचा विसर पडू देऊ नका. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ कतारबाहेर राहायचे असेल तर परवानगी मुदत संपण्यापूर्वी घ्यावी लागते. रुग्णाबरोबर गेलेल्या पत्नीचा आणि मुलांचा परवानाही त्याच घड्याळावर चालतो.

शेवटी एक विनंती. आपल्या मंडळातील अनेकांनी पुण्या-मुंबईत शिकत असताना महाविद्यालयातील शिबिरात गालाच्या आतील नमुना देऊन दातानोंदीत नाव घातले होते. तेव्हाचा मोबाइल नंबर आता बंद आहे. एखाद्या रुग्णाशी जुळणी झाली तर नोंदवही त्याच नंबरावर फोन करत राहील. ज्या संस्थेकडे नाव दिले होते तिला कतारचा नंबर आणि ई-मेल कळवा, दोन मिनिटांचे काम आहे.